संदर्भसूचीतला नोव्हा गोवा

“मॅडम, लेख झालाय. रेफरन्स तेवढे लावायचे राहिलेत.”

पदोन्नतीचे अर्ज भरायचे दिवस जवळ आले, की पेडणे तालुक्यातल्या एका ग्रंथपाल बाईंच्या फोनवर असे निरोप येऊ लागतात. कधी पेडण्यातून, कधी डिचोलीतून, कधी साखळीतून. सोबत वर्डची फाइल असते. मजकूर कष्टाने लिहिलेला, वाचनीय. शेवटच्या दोन-तीन पानांवर मात्र चार भाषा, दोन लिप्या आणि एकाच पुस्तकाची तीन वेगवेगळी नावं. मध्येच निळ्या अक्षरांतली एक हातभर लांब लिंक, जी उघडत नाही. आणि लेखक महाशयांची खात्री अशी, की हे काम संध्याकाळच्या चहापर्यंत उरकेल.

बाईंनी आपलं नाव छापू नये अशी अट घातली आहे. ज्यांचे लेख त्यांनी मार्गी लावले त्यांची नावं तर त्या घरातही काढत नाहीत. ग्रंथालयशास्त्राची पदवी, नामपृष्ठ वाचता येईल इतपत पोर्तुगीज आणि बारीक टाइप वाचायची सवय, एवढ्या भांडवलावर त्या हे काम बरीच वर्षं करत आल्या आहेत. बहुतेकांना वाटतं, हे स्वल्पविराम आणि तिरप्या अक्षरांचं काम. तेही त्यात आहेच. पण स्वल्पविराम लावण्याआधी पुस्तक नेमकं कोणतं, कोणाचं, कधीचं आणि कुठलं, हे ठरवावं लागतं. गोव्याच्या बाबतीत यातला एकही प्रश्न सरळ सुटत नाही.

संदर्भ देण्याच्या ज्या पद्धती आज जगभर चालतात, त्यांचे जन्म बरेच साधे आहेत. कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्ष देण्याची रीत हार्वर्डच्या नावाने ओळखली जाते. तिचं मूळ एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१च्या निबंधात दाखवलं जातं, आणि त्या निबंधाचा विषय होता शंख नसलेली गोगलगाय. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे एपीएची पद्धत १९२९मध्ये सात पानांच्या एका लेखातून सुरू झाली. २०१९च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्या सात पानांची चारशेहून अधिक पानं झाली. वैद्यकातली व्हँकुव्हर पद्धत १९७८च्या एका बैठकीतून निघाली. शिकागोची नियमावली १९०६पासूनची. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपापला वाचक होता आणि आपापल्या कपाटातली पुस्तकं होती. मांडवीकाठची पुस्तकं त्या कपाटात नव्हती, याला त्यांचा इलाज नाही. पण आपल्याकडचं नियतकालिक ‘एपीए सातवी आवृत्ती काटेकोरपणे पाळावी’ असं एका ओळीत सांगून मोकळं होतं, तेव्हा त्या ओळीचा हिशेब कोणीतरी बसून करावा लागतो.

बाईंची कसोटी एकच आहे. हा संदर्भ कागदावर उतरवून उद्या एखादा विद्यार्थी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयाच्या काउंटरवर उभा राहिला, तर त्याच्या हाती तेच पुस्तक पडेल का? त्या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ची. तिथे पोर्तुगीज काळातला मोठा संग्रह आहे. पत्ता चुकीचा असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याने कितीही मनावर घेतलं तरी उपयोग नाही.

एक उदाहरण त्या नेहमी देतात. जोआकिम एलिओदोरो द कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या दप्तरांतली कागदपत्रं निवडून छापली. ‘आर्किव्हो पोर्तुगेझ ओरिएंताल’ हे त्या मालेचं नाव. ती १८५७पासून १८७६पर्यंत निघाली. जुन्या पोर्तुगीज वर्णलेखनानुसार त्यातल्या ‘आर्किव्हो’त ‘सीएच’ आणि ‘पोर्तुगेझ’च्या शेवटी ‘झेड’ होता. १९११मध्ये पोर्तुगालने वर्णलेखन सुधारलं, आणि तेच शब्द ‘क्यू’ आणि ‘एस’ने लिहिले जाऊ लागले. आता एखादा काळजीवाहू प्राध्यापक, किंवा त्याच्या संगणकातला शब्दतपासनीस, जुनं वर्णलेखन चूक समजून ‘दुरुस्त’ करतो. दिसायला सूची स्वच्छ होते. पण दुरुस्त केलेल्या नावाचं दुसरंच पुस्तक अस्तित्वात आहे. आ. बी. द ब्रागांस परेरा यांनी १९३६ ते १९४० या काळात त्याच नावाने, नव्या वर्णलेखनात, ‘नवी आवृत्ती’ म्हणून वेगळी माला काढली. ती आवृत्ती नाव तेवढं तेच ठेवते. आतली कागदपत्रं आणि रचना वेगळी. म्हणजे एका अक्षराच्या दुरुस्तीने वाचक ऐंशी वर्षं पुढे आणि दुसऱ्याच संपादकाकडे जाऊन पोचतो. पानाचा क्रमांक तिथे जुळत नाही, आणि मग मूळ लेखकानेच काहीतरी ठोकून दिलं असावं असा संशय येतो.

याच मालेचं आणखी एक दुखणं म्हणजे पुनर्मुद्रण. दिल्लीच्या एशियन एज्युकेशनल सर्व्हिसेसने ती १९९२मध्ये पुन्हा छापली आणि आज अनेकांच्या हाती तीच प्रत असते. झोटेरोसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रणालीत पुस्तकाचा क्रमांक टाकला की तिला जे वर्ष सापडतं ते असं येतं: रिव्हारा, १९९२. हा गृहस्थ १८७९मध्ये वारला. एपीएने यावर तोडगा दिला आहे, मूळ वर्ष आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष तिरकी रेघ मारून दोन्ही लिहायची. तोडगा चांगला आहे. पण तो वापरायचा तर आपल्या हातातली प्रत पुनर्मुद्रण आहे हे आधी ओळखता यायला हवं, आणि त्यासाठी नामपृष्ठाच्या मागची बाजू उलटून पाहावी लागते. ती बाजू कोणी झेरॉक्स करत नाही.

मग नावं.

पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. जन्म १८९४, मृत्यू १९६९. गोव्याच्या पुराभिलेखाचा कारभार त्यांनी दीर्घकाळ पाहिला आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांवर त्यांच्याइतकं कागदपत्रांच्या आधारे काम दुसऱ्या कोणी क्वचितच केलं असेल. पोर्तुगीज पुस्तकांवर ते ‘पांडुरोंग एस. एस. पिसुर्लेंकार’ असे येतात, शेवटच्या ‘कार’ला ‘सी’ लावून. इंग्रजीत कुणी ‘के’ वापरतं, कुणी मधला ‘एन’ गाळतं, कुणी एकच ‘एस’ लिहितं. मराठी लेखात ते पां. स. पिसुर्लेकर. एका लेखाच्या सूचीत बाईंना हे गृहस्थ तीन ठिकाणी तीन लेखक होऊन बसलेले आढळले होते, आणि लेखकालाही ते तीन वाटत होते की काय, हे विचारायचं त्यांनी शिष्टाचार म्हणून टाळलं. विदा मोजणाऱ्या यंत्राला मात्र ते खरोखरच तीन वाटतात. त्यामुळे गोव्याच्या इतिहासाचा एवढा मोठा माणूस आकडेवारीत तुकड्यातुकड्यांनी दिसतो.

याच पिसुर्लेकरांचं ‘आसेंतुश दु कोंसेल्यु दु इश्तादु’ हे पाच खंडांचं काम, म्हणजे १६१८ ते १७५० या काळातल्या पोर्तुगीज राज्यमंडळाच्या बैठकांचे ठराव. खंड १९५३ ते १९५७ या काळात निघाले. अनेक सूच्यांत ते पिसुर्लेकरांचं लेखन म्हणून येतं. ते लेखन नव्हे, संपादन. ठराव गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागारांचे. निवड, जुळणी आणि टिपा पिसुर्लेकरांच्या. ‘संपा.’ ही अडीच अक्षरं सुटली की सतराव्या शतकातल्या गव्हर्नरचं मत विसाव्या शतकातल्या संशोधकाच्या तोंडी जातं. यापेक्षा मोठा गोंधळ स्वल्पविरामाने होत नाही.

पोर्तुगीज आडनावांचा वेगळाच खेळ. कुन्य रिव्हारा हे ‘र’मध्ये जातात, ‘क’मध्ये नाही. ब्रागांस परेरा ‘प’मध्ये. १८७८मध्ये मुंबईत गोवा शहरावरचं पुस्तक छापणारे जुझे निकोलाव द फोंसेका ‘फ’मध्ये जातात, त्यांचा ‘द’ मागे जातो. तेओतोनियु द सोझांसारख्या अलीकडच्या इतिहासकारांच्या बाबतीत मात्र इंग्रजी प्रकाशक ‘द’ पुढे ठेवतात. नियम कोणता? लेखक स्वतः कसं लिहायचा ते पाहा, हा. हिंदू नावं त्या काळच्या दप्तरात शिरली तेव्हा शेणव्याचा ‘सिनाय’ झाला, कामताचा ‘कामोतीं’, परबाचा ‘पोरोब’, नाईकाच्या शेवटी ‘क्यूयूई’ आलं. १९६१च्या मुक्तीनंतर बऱ्याच घरांनी जुनी नावं पुन्हा घेतली. त्यामुळे आजोबांचा लेख एका आडनावाखाली आणि नातवाचा दुसऱ्या, असं होतं. बाई अशा ठिकाणी छापील रूप तसंच ठेवतात आणि आजच्या रूपाखाली ‘पाहा’ अशी एक ओळ घालतात. एपीएत अशी ओळ बसत नाही. काही संपादक ती ठेवतात, काही काढून टाकतात.

गावांच्या नावांवर बाई खऱ्या अर्थाने चिडतात.

एपीएने २०१९च्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ काढून टाकलं. फक्त प्रकाशकाचं नाव द्या, गाव नको. कारणही पटण्यासारखं आहे: ऑनलाइन प्रकाशनाच्या आणि दहा शहरांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या काळात पुस्तकाचं गाव कोणतं हे सांगता येत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने, म्हणजे एमएलएने, हेच २०१६मध्ये केलं, पण १९०० सालाआधीच्या पुस्तकांना सवलत ठेवली. शिकागोच्या २०२४च्या अठराव्या आवृत्तीनेही तीच वाट धरली.

आता गोव्याकडे बघा. पणजीला १८४३पासून अधिकृत नाव होतं नोव्हा गोवा. ‘नोव्हा गोवा: इंप्रेंस नासियोनाल’ असं सूचीत दिसलं, की ते सरकारी छापखान्यातलं, म्हणजे सरकारच्या नजरेखालचं पुस्तक, हे जाणत्या वाचकाला लगेच कळतं. फिलिप नेरी शाव्हियेरचं गावकारींवरचं १८५२चं पुस्तक असंच. ‘बस्तोडा: तिपोग्राफिया रांजेल’ असं दिसलं, की १८८६पासून चालत आलेला बार्देसातला तो खाजगी छापखाना डोळ्यांसमोर येतो. पिसुर्लेकरांचे खंड तिथेच छापले गेले, ब्रागांस परेरांची मालाही तिथलीच. आणि ‘मुंबई’ दिसलं तर गोष्ट आणखी निराळी. गोव्यात सालाझारच्या राजवटीची सेन्सॉरशिप होती. सरकारला न रुचणारं छापायचं तर सीमा ओलांडावी लागे. त्रिस्तांव द ब्रागांस कुन्य यांची गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरची १९४४ची पुस्तिका मुंबईची आहे ती म्हणून. अ. का. प्रियोळकर मूळचे प्रियोळचे, पण त्यांचा इन्क्विझिशनवरचा १९६१चा ग्रंथही मुंबईचाच. गाव पुसून टाकलं की ही सगळी माहिती जाते. १९००ची रेघ लंडन-न्यूयॉर्कला पुरत असेल, गोव्याला ती १९६१पर्यंत पुढे ओढावी लागते.

बाई संपादकाला तसं पत्र लिहितात. छोटं, सभ्य, उदाहरणासकट. एका नियतकालिकाने मान्य केलं. दुसऱ्याकडून उत्तर आलं, की त्यांच्या प्रणालीत त्या माहितीसाठी रकानाच नाही. तेव्हा बाईंनी गाव लेखाच्या मजकुरातच घालायला सुचवलं: “बस्तोड्याला छापलेल्या खंडांत...” मजकुराला कोणाचा रकाना लागत नाही.

मराठी पुस्तकांच्या अडचणी त्या मानाने ओळखीच्या. नामपृष्ठावर फक्त शक असतो. शके १८४८ म्हणजे १९२६ किंवा १९२७, महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं लिहायची. वर्षच नसेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडायची. १८००पासून १९३७पर्यंतच्या मराठी ग्रंथांची ती जंत्री १९४३मध्ये निघाली, पुढच्या, १९५०पर्यंतच्या वर्षांचा खंड १९६१मध्ये आला. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांना पानापेक्षा लेखांक द्यायचा, कारण जुने अभ्यासक तसंच शोधतात. ‘तत्रैव’ लिहायची आपल्या मराठीच्या प्राध्यापकांना फार हौस, पण एपीएत ते चालत नाही आणि शिकागोनेही २०१७पासून इंग्रजीतलं त्याचं भावंड ‘इबिड’ शक्यतो टाळायला सांगितलं आहे. बाईंना याचं दुःख नाही. मधे एक टीप घुसली, की पुढचे सगळे ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतात.

क्रम लावणं हेही संगणकावर सोडता येत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. क्षीरसागर ‘क’मध्ये जातात, ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये. शाळेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी शिकलेल्या परीक्षकाला ते तिथे सापडत नाहीत आणि तो शेरा मारतो. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी फाइल युनिकोडमध्ये आणली, की तिच्यातली इंग्रजी नावं आणि पोर्तुगीज शब्दांवरची चिन्हं यांचा चिवडा होतो, आणि तो हाताने निवडावा लागतो.

डिचोलीकडून येणारे लेख बहुतेक खाणींवरचे असतात. साहजिकच आहे. तालुक्याच्या निम्म्या घरांचा कधी ना कधी ट्रक, बार्ज किंवा खाणीशी संबंध आलेला. हे लेख वाणिज्याच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचे असतात आणि त्यांच्या सूचीत पुस्तकं कमी, निकाल आणि अहवाल जास्त. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल तर येतातच: गोवा फाउंडेशन विरुद्ध भारत सरकार, २१ एप्रिल २०१४, आणि गोवा फाउंडेशन विरुद्ध सेसा स्टरलाइट, ७ फेब्रुवारी २०१८. वकील ते (२०१४) ६ एससीसी ५९० आणि (२०१८) ४ एससीसी २१८ असे लिहितात. कंसात वर्ष, मग खंड, मग पान. एपीएच्या चौकटीत बसवताना कुणी कंस काढतं, कुणी खंडाला अंक समजतं, आणि मग कायद्याच्या ग्रंथालयात तो निकाल मिळत नाही. बाई तो वकिलांच्याच रीतीने ठेवतात. ज्यांचा माल, त्यांची मोजणी.

कंपनीच्या नावाचा घोळ इथे वेगळा. सेसा गोवा २०१३मध्ये सेसा स्टरलाइट झाली, २०१५मध्ये वेदांत. २०१८च्या निकालाच्या शीर्षकात मात्र ‘सेसा स्टरलाइट’ हेच नाव आहे. एका लेखात प्राध्यापकांनी एकसारखेपणासाठी सगळीकडे ‘वेदांत’ केलं होतं. १९९०च्या दशकातल्या वार्षिक अहवालांवरही. ते अहवाल त्या नावाने कधीच निघालेले नाहीत. “सर, ज्या वर्षी जे नाव, ते ठेवूया,” बाई म्हणाल्या. सरांना ते विस्कळीत वाटलं. आहेच ते विस्कळीत, पण कंपनीनेच तसं केलं, त्याला सूचीने काय करावं! खाणींचा कायदेशीर इतिहास १९०६च्या पोर्तुगीज खाण कायद्यापासून सुरू होतो आणि १९८७च्या भारतीय कायद्याने त्या सवलती रद्द होऊन भाडेपट्टे बनले. पहिल्याचा संदर्भ पोर्तुगीज राजपत्राचा, दुसऱ्याचा भारतीय राजपत्राचा. दोन्ही एकाच साच्यात कोंबले, की कुठलं सरकार बोलतंय ते कळेनासं होतं.

पेडण्याकडचे लेख निराळे. डिचोली-सत्तरी १७८१-८२मध्ये आणि पेडणे १७८८मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं. या नव्या काबिजादींत मराठीची वहिवाट टिकली, सण-उत्सव टिकले. तेव्हा इथले लेख धालोच्या गाण्यांवर, दशावतारावर, सातेरी देवीवर. यांचा मुख्य आधार पुस्तक नसतो. मांडावर धालो म्हणणारी एखादी आजी असते.

आणि तिला सूचीत जागा नाही. एपीएच्या नियमाप्रमाणे मुलाखत, दूरध्वनी, पत्र हा सगळा ‘वैयक्तिक संपर्क’. मजकुरात कंसात नाव आणि तारीख द्यायची, शेवटच्या यादीत नाही. कारण वाचकाला तो संपर्क पुन्हा गाठता येत नाही. म्हणजे ज्या पुस्तकातून एक ओळ घेतली ते पुस्तक यादीत, आणि जिने अख्खी रात्र गाऊन दाखवलं ती बाहेर. ध्वनिमुद्रण संपल्यावर एका आजीने विचारलं होतं, “बाय, म्हजें नांव येतलें मगो?” बाईंनी “येतलें” म्हटलं आणि मग शब्द पाळायचा मार्ग शोधावा लागला.

मार्ग कॅनडात आधीच कोणीतरी शोधत होतं. तिथल्या एडमंटनमधल्या नॉर्क्वेस्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना लोरिसिया मॅक्लिओड या आदिवासी समाजातल्या ग्रंथपाल बाईंनी, समाजातल्या ज्येष्ठांनी तोंडी सांगितलेल्या ज्ञानाचा संदर्भ यादीत कसा द्यावा याचे नमुने तयार केले. एपीए आणि एमएलए, दोन्ही पद्धतींत बसतील असे. २०२१मध्ये त्यांचा त्यावरचा लेखही आला. आपल्याकडे लोकसाहित्याच्या प्रबंधांत निवेदकांची वेगळी यादी देण्याची जुनी चाल आहेच. बाईंनी दोन्हींची सांगड घातली: निवेदिकेचं नाव, वाडा, गाव, काय सांगितलं, कधी, कोणी टिपलं आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवलंय. शेवटची बाब महत्त्वाची. ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा केलं, की ‘वाचकाला गाठता येत नाही’ हा आक्षेपच उरत नाही आणि आजी रीतसर यादीत येते. अर्थात, ज्यांना नाव नको असेल त्यांचं घालायचं नाही. हे विचारून घ्यावं लागतं, आणि काही संशोधक ते विचारायचं विसरतात.

ऐकीव आणि वाचीव यांतला फरक झाकायची सवय काही आजची नाही. वनस्पतिशास्त्राच्या लेखांत गार्सिया द ओर्ता हटकून येतो. त्याचे औषधी वनस्पतींवरचे संवाद १५६३मध्ये गोव्यात छापले गेले. भारतात पहिला छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, आणि पुस्तकातल्या छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. त्या संवादांत एक पात्र ग्रीक आणि अरब पंडितांचे दाखले देत राहतं आणि ओर्ता त्याला सांगतो, की मी इथे राहून डोळ्यांनी काय पाहिलं ते ऐक. संदर्भ आणि अनुभव यांचं भांडण इतक्या मजेत क्वचितच कोणी छापलं असेल. पण युरोपने ओर्ताला वाचलं ते १५६७च्या कार्ल क्लुसियसच्या लॅटिन संक्षेपातून. संवाद गाळलेला, मजकुराची फेरमांडणी केलेली. पुढच्या अनेकांनी क्लुसियस वाचून ओर्ताचं नाव घेतलं. आज आपल्याकडे १९१३चं मार्कमचं इंग्रजी भाषांतर वाचून सूचीत १५६३चा पोर्तुगीज ग्रंथ लिहिला जातो. वजनदार दिसतो ना! बाई शांतपणे विचारतात, “तुम्ही पोर्तुगीजमधून वाचलंत?” आणि मार्कमचं नाव घालतात.

अलीकडे एक नवीन दुखणं आलंय. सूचीतले दोन-चार संदर्भ अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्याजोगं, शीर्षक तर अगदी हवं तसं, पण असा लेख कोणी लिहिलेलाच नाही. चॅटजीपीटीला विचारून घेतलेले. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी असेच काल्पनिक निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला. बाई आता प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक, उघडून बघतात. अतिशय नेमका, लेखाच्या मुद्द्याला बेतून शिवल्यासारखा संदर्भ दिसला, की आधी त्याच्याकडे जातात.

खोट्या संदर्भाची एक गोष्ट मात्र त्या कौतुकाने सांगतात, कारण ती गोव्याच्या माणसाची आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेचा. १९३१च्या सुमारास अलीगढला गणित शिकवत असताना त्यांनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक निबंध छापला: बोर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं सामान्यीकरण. हा बोर्बाकी रशियन क्रांतीत मारला गेलेला गणिती असल्याचं त्यात ऐटीत सांगितलं होतं. असा माणूस नव्हताच. तेव्हा अलीगढमध्ये असलेल्या आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाने, एका त्रासदायक सहकाऱ्याची जिरवण्यासाठी ही खोडी सुचवली होती. पुढे काही वर्षांत वेल आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये निकोला बोर्बाकी या टोपणनावाने ग्रंथमाला सुरू केली आणि ते नाव विसाव्या शतकाच्या गणितात दुमदुमलं. छापील गणिती निबंधात बोर्बाकी पहिल्यांदा अवतरला तो कोसंबींच्या या थट्टेत. फरक एवढाच, की कोसंबींना आपण काय करतोय ते माहीत होतं आणि निबंधातलं गणित खरं होतं.

हे सगळं कशासाठी चालतं, याबद्दल बाईंना भ्रम नाहीत. बढतीला लेख लागतात, लेखाला मान्यताप्राप्त नियतकालिक लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, अशा नियतकालिकांची केअर यादी २०१९पासून सगळ्यांच्या डोक्यावर होती. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती बंद केल्याचं जाहीर केलं तेव्हा नियतकालिक निवडायची जबाबदारी महाविद्यालयांवर आली आणि गोंधळ कमी झाला नाही. वाङ्मयचौर्याबाबतचे आयोगाचे २०१८चे नियम दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ करतात. ते मोजताना संदर्भसूची वगळायची असते. तेव्हा काही जण सूची लांबवण्यात गैर काय, असं समजतात. न वाचलेली दहा पुस्तकं तीत सहज मावतात. बाई अशा पुस्तकांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून फाइल परत पाठवतात. बहुतेक वेळा पुस्तकं गुपचूप नाहीशी होतात. त्या काही बोलत नाहीत, लेखकही नाही.

या कामाचे पैसे त्या घेत नाहीत. ऋणनिर्देशात नाव आलं तर आलं. पण ज्या लेखात बस्तोडा, नोव्हा गोवा, खरा संपादक आणि निवेदिका जागच्या जागी असतात, त्या लेखाची छापील प्रत त्या मागून घेतात आणि ग्रंथालयात लावतात.

गोव्यातल्या नियतकालिकांच्या संपादकांना त्यांची मागणी दोन ओळींची आहे. लेखकांसाठीच्या सूचनांत लिहा: १९६१पूर्वीच्या गोव्यातल्या प्रकाशनांना स्थळ आणि छापखाना द्यावा, शीर्षकाचं वर्णलेखन नामपृष्ठाप्रमाणे ठेवावं. आणि लिहा: निवेदकांची संमती असेल तर त्यांची स्वतंत्र सूची द्यावी. एपीए, एमएलए, शिकागो, कुणाच्याही पद्धतीला याने धक्का लागत नाही, कारण नियतकालिकाला स्वतःचे अपवाद ठेवायला कोणाचीच मनाई नाही. आणि लेख लिहिणाऱ्यांनी पुस्तक हातात असतानाच नामपृष्ठाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा. शेवटच्या रात्री मॅडमना फोन करून ‘वर्ष कोणतं असेल हो?’ विचारू नये.